नाकाला कोण विचारतो?

२०११ साली मॅककॅन या जाहिरात कंपनीने जगभरातल्या सुमारे ७,००० तरुणांना एक आगाऊ प्रश्न विचारला होता. फोन किंवा लॅपटॉप टिकवायचा असेल तर त्या बदल्यात वास घ्यायची शक्ती सोडाल का? १६ ते २२ वयोगटातल्या ५३ टक्के मुलांनी सांगितलं, खुशाल घेऊन जा नाक. २३ ते ३० वयोगटात, म्हणजे माझ्याच गटात, हे प्रमाण ४८ टक्के. मागच्या शुक्रवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी हाच प्रश्न टाकून बघितला. टेबलावर सहा जण होते. चौघांनी प्रश्न पुरा व्हायच्या आत नाक देऊन टाकलं. पाचव्याने विचारलं, "फोन कुठला मिळणार ते आधी सांग." सहावा जेवत होता.

हसू आलं खरं, पण त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. नाकाला आपण फारशी किंमत कधी दिलेलीच नाही. मराठीत नाकावरून ढिगाने वाक्प्रचार आहेत. नाक कापलं जातं, नाक खुपसलं जातं, नाक मुरडलं जातं, नाक घासून माफी मागितली जाते, नाकावर माशी बसू दिली जात नाही, आणि काही महाभाग तर नाकाने कांदे सोलतात. पण नाकाचं जे मूळ काम, वास घेणं, त्याचा या सगळ्यात कुठे पत्ता आहे का? सगळा मामला इभ्रतीचा! डोळ्यांसाठी गल्लोगल्ली चष्म्याची दुकानं आहेत, कानांसाठी यंत्रं आहेत, कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपमध्ये व्हिटॅमिन डीपासून थायरॉइडपर्यंत काय काय मोजतात. पण २०२० मधला करोनाचा काळ सोडला, तर "तुम्हाला वास येतो का?" हा प्रश्न मला आजवर एकाही फॉर्मवर दिसलेला नाही.

आजचं लिखाण या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. पार्किन्सन आणि अल्झायमर या दोन आजारांची नावं आपण सगळ्यांनी ऐकलेली असतात. एकात हात थरथरतो, दुसऱ्यात आठवण जाते, एवढं माहीत असतं. पण यातल्या बऱ्याच जणांचं नाक हात थरथरण्याच्या किंवा नावं विसरण्याच्या कितीतरी आधी, कधीकधी काही वर्षं आधी, मंद झालेलं असतं. हे कळल्यावर आपल्यासारख्या माणसाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो म्हणजे "मग टेस्ट करूया की!" माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. घरातल्या वयस्कर माणसांना वास येतो का, हे जरूर विचारायला हवं, पुन्हा पुन्हा विचारायला हवं. पण त्यांचं भविष्य बघायला नव्हे, त्यांच्या आजच्या दिवसासाठी.

(सूचना: मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. हे वाचून औषधपाणी करू नये.)

तर आधी थोडा इतिहास. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ मध्ये या आजारावर एक छोटी पुस्तिका लिहिली. सहा रुग्ण, त्यातले काही तर रस्त्यात पाहिलेले. माणसाचं निरीक्षण इतकं पक्कं की आजही त्याचं वर्णन वाचून डॉक्टर मान डोलावतात. पण एक गोष्ट त्याने लिहून ठेवली ती पुढे खोटी ठरली. या आजारात ज्ञानेंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात, असं त्याचं मत होतं. आता रस्त्यातून चाललेल्या माणसाला वास येतो की नाही हे बघून कसं कळणार? थरथर दिसते. वास न येणं दिसत नाही.

त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं नाकाकडे कुणी फारसं पाहिलंच नाही. १९७५ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांचं नाक कमजोर असतं असा एक शोधनिबंध आला. १९८४ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी यांनी वासाची एक प्रमाणित चाचणी तयार केली. छोट्या पुस्तिका, एकूण ४० वास, पेन्सिलीने खरवडायचं, हुंगायचं आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. थोडक्यात, नाकाची एमसीक्यू. हीच चाचणी वापरून १९८८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की पार्किन्सनमध्ये वास जाणं हे आजार किती पुढे गेलाय किंवा किती वर्षं झालीत यावर अवलंबून नसतं. म्हणजे नुकसान अगदी सुरुवातीलाच होऊन गेलेलं असतं. आणि या रुग्णांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश जणांना चाचणी होईपर्यंत आपलं नाक चालत नाही याचा पत्ताच नव्हता!

हे असं का होतं? नाकाच्या अगदी वरच्या टोकाला एक छोटासा पट्टा असतो. तिथल्या चेतापेशी थेट हवेला उघड्या असतात. त्यांच्या तारा चाळणीसारख्या भोकं असलेल्या एका हाडातून वर जातात आणि थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या दोन छोट्या गाठींमध्ये पोचतात. वासावर पहिली प्रक्रिया होते ती या गाठींमध्ये. १९१२ मध्ये फ्रेडरिक लेवी यांना पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत गोळे दिसले होते. ते मुख्यतः अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाचे असतात हे १९९७ मध्ये कळलं. आणि २००३ मध्ये हायको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने शवविच्छेदनात अनेक मेंदू तपासून एक नकाशा मांडला. हे गोळे सगळ्यात आधी कुठे दिसतात? वासाच्या त्या गाठींमध्ये आणि मेंदूच्या देठातल्या एका केंद्रात. हालचाली सांभाळणाऱ्या, डोपामाइन बनवणाऱ्या भागापर्यंत ते नंतर पोचतात. प्रत्येक रुग्णात हाच क्रम दिसतो असं नाही, त्यावर वाद आहेत. पण नाक आधी आणि हात नंतर, हा क्रम का दिसतो याचं एक पटण्यासारखं चित्र त्यातून मिळालं.

अल्झायमरची गोष्ट थोडी वेगळी. तिथे मेंदूचा जो भाग अगदी लवकर बिघडायला लागतो, तो वास आणि स्मरण यांच्या जंक्शनवरच बसलेला आहे. त्यामुळे वास येतो, पण कशाचा ते सांगता येत नाही, असा प्रकार जास्त दिसतो. शिकागोमध्ये ५८९ वयस्कर लोकांवर केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वास ओळखण्यात कच्चे असलेल्यांना पुढच्या पाच वर्षांत स्मरणाच्या आणि आकलनाच्या सौम्य तक्रारी सुरू होण्याची शक्यता पक्क्या नाकवाल्यांपेक्षा दीडपट निघाली.

आता प्रश्न असा की एवढं मोठं इंद्रिय जातं आणि माणसाला कळत कसं नाही? डोळा गेला की अंधार होतो. कान गेला की शांतता होते. नाक गेलं की... काहीच होत नाही. वास न येणं आणि वास नसणं यात आतून काही फरक जाणवत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर बंद पडलाय, पण तो एरर देत नाही, शून्य रीडिंग देतो. आणि शून्य रीडिंग म्हणजे सगळं ठीक आहे, असंच डॅशबोर्ड समजतो.

शिवाय तक्रार नाकाची असते आणि ती निघते जिभेच्या नावावर. जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि फार तर अजून एखादं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते बहुतेक सगळं नाकाचं काम. विश्वास नसेल तर जेवण झाल्यावर नाक घट्ट दाबून बडीशेप चावून बघा. थोडं गोडसर, बस्स. नाक सोडलं की बडीशेप हजर! त्यामुळे ज्याचं नाक गेलंय तो माणूस "मला वास येत नाही" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "हल्ली हिंगात काही राम राहिला नाही." तो म्हणतो, "पूर्वीचा बासमती आता मिळत नाही." आणि सगळ्यात जास्त वेळा तो म्हणतो, "आज भाजीला चवच नाही."

माझ्या एका मित्राचे बाबा बँकेतून निवृत्त झालेले. काका तसे मवाळ, पण निवृत्तीनंतर जेवणाबद्दल कुरकुर करायला लागले. आमटी पाणचट आहे, भाजीत मसाला नाही, लोणचं बरणीतलंच आहे ना? काकूंनी गोडा मसाला बदलला, मग पुन्हा घरी करायला घेतला, मग चिडल्या, मग गप्प बसल्या. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की काका म्हातारपणी चिकित्सक झालेत. यात चार-पाच वर्षं गेली. मग उजव्या हाताची हालचाल मंदावली, अक्षर बारीक झालं, सही जुळेना. न्यूरॉलॉजिस्टने तपासलं, पार्किन्सनचं निदान केलं आणि सहज विचारलं, "वास येतो का व्यवस्थित?" काका म्हणाले, "येतो की." डॉक्टरांनी टेबलावरच्या डबीतली कॉफी नाकाशी धरली. काकांना काही सांगता येईना.

मित्र सांगत होता, बाहेर आल्यावर काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं माझ्या आमटीला उगाच नावं ठेवली म्हणायची."

त्या काळात काकांचं नाक जाण्यामागे पार्किन्सनच होता, असं आता मागे वळून कुणी खात्रीने सांगू शकणार नाही. पण ते सांगायची गरजही नाही. नाक चालत नाही एवढं जरी तेव्हा कळलं असतं, तरी त्या घरातली चार-पाच वर्षांची धुसफूस वाचली असती. माझ्या मते हा फायदा छोटा नाही.

आता येऊ टेस्टवाल्यांकडे. हा किस्सा मी ऑफिसात सांगितला तेव्हा एका मित्राचे डोळे चमकले. "अरे, हे भारी आहे! घरी किट पाठवायचं, वास हुंगायचे, अ‍ॅपमध्ये उत्तरं भरायची, रिस्क स्कोअर द्यायचा. मार्केट बघ ना, प्रत्येक घरात दोन म्हातारी माणसं!" दोन मिनिटं मलाही भारी वाटलं. मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

होनोलुलूमध्ये जपानी वंशाच्या वयस्कर पुरुषांचा एक प्रसिद्ध अभ्यास झाला, त्याचे वासाबद्दलचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. २,२६७ जणांचं नाक तपासलं आणि मग पुढे कुणाला पार्किन्सन होतो यावर लक्ष ठेवलं. गुणांप्रमाणे लोकांचे चार समान गट केले. पहिल्या चार वर्षांत तळाच्या गटात दर १०,००० माणसांमागे वर्षाला सुमारे ५४ जणांना पार्किन्सन झाला. वरच्या दोन गटांत हाच आकडा साधारण ८. म्हणजे सहा पटींहून जास्त फरक! अ‍ॅपच्या जाहिरातीत हेच वाक्य लाल अक्षरांत येईल.

पण तोच आकडा उलटा वाचा. १०,००० मागे वर्षाला ५४, म्हणजे चार वर्षांत १०० मागे साधारण २. तळाच्या गटातल्या, म्हणजे सगळ्यात वाईट नाक असलेल्या १०० जणांपैकी ९८ जणांना त्या चार वर्षांत पार्किन्सन झाला नाही. बरोबरच आहे, कारण नाक जायची इतर कारणं कितीतरी जास्त आहेत. सायनस, नाकातले मोड, डोक्याला मार, सिगरेट, काही औषधं, करोना, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे वय. डोटींच्याच १९८४ च्या अभ्यासात ६५ ते ८० वयोगटातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं नाक बऱ्यापैकी कमजोर निघालं होतं, आणि ८० च्या पुढे तीन चतुर्थांशाहून जास्त लोकांचं. म्हणजे आमचं अ‍ॅप महाराष्ट्रातल्या निम्म्या आजी-आजोबांना लाल दिवा दाखवणार. प्रॉडक्शनमध्ये असा अलर्ट लावला तर टीम दोन दिवसांत तो म्यूट करून टाकते. माणसाला स्वतःबद्दलचा अलर्ट म्यूट करता येत नाही. चहाचा कप जरा हलला की छातीत धस्स होणार. किल्ली विसरली की रात्रभर झोप नाही. १०० मधल्या ९८ जणांनी हे विनाकारण भोगायचं.

आणि उरलेले दोघे? त्यांना आधी कळून आज आपण काय देऊ शकतो? पार्किन्सनची औषधं त्रास कमी करतात, अनेकांना वर्षानुवर्षं चांगलं जगू देतात. पण आजार थांबवणारं किंवा त्याची गती मंदावणारं म्हणून सिद्ध झालेलं औषध अजून नाही. अल्झायमरमध्ये सुरुवातीच्या टप्प्यात घसरण थोडी मंदावणारी औषधं २०२३ पासून अमेरिकेत वापरात आली आहेत, पण ती द्यायची की नाही हे मेंदूतल्या अमायलॉइडच्या तपासणीवर ठरतं, नाकावर नाही.

शॉर्टकटचा मोह जुनाच आहे. २०१३ मध्ये फ्लोरिडातल्या काही संशोधकांनी चमचाभर पीनट बटर आणि एक मोजपट्टी घेऊन अल्झायमर ओळखता येतो असं सुचवलं होतं. डाव्या आणि उजव्या नाकपुडीला वास किती अंतरावरून येतो हे मोजायचं. बातमी जगभर फिरली, लोकांनी घरी आई-वडिलांवर प्रयोगही केले असतील. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, पेन्सिल्व्हेनियाच्या गटाने हा प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि तसा काही फरक सापडला नाही. ही दुसरी बातमी कुणी कुणाला फॉरवर्ड केली नाही.

मग वासाची चाचणी निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. तिची योग्य जागा आहे. हात थरथरणाऱ्या रुग्णाला पार्किन्सन आहे की दुसरंच काही, हे ठरवताना डॉक्टरांना ती मदत करते. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांत वास जाणं ही निदानाला बळ देणारी एक खूण म्हणून आहे. संशोधनात तर तिचा उपयोग फारच सुंदर आहे. मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनने २०१० मध्ये सुरू केलेल्या मोठ्या अभ्यासात पुढे लोकांना घरी वासाची कार्डं पाठवायला लागले. ज्यांचे गुण कमी त्यांना पुढच्या तपासण्यांसाठी बोलावायचं. याच अभ्यासातून २०२३ मध्ये पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासून बिघडलेलं अल्फा-सिन्युक्लीन पकडण्याच्या चाचणीचे निकाल आले. आनुवंशिक कारण नसलेल्या आणि वास गेलेल्या पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये ही चाचणी १०० पैकी ९८ हून जास्त जणांत पॉझिटिव्ह आली. म्हणजे नाक हा फिल्टर, निकाल दुसरीकडे. उद्या आजार रोखणारं औषध आलं, तर ते द्यायचं कुणाला हे शोधायला हाच फिल्टर उपयोगी पडेल, आणि तेव्हा मी माझं मत आनंदाने बदलेन. पण तो दिवस यायच्या आधी हे काम अ‍ॅप आणि डिस्काउंट कुपनच्या हातात देणं मला मान्य नाही.

बरं, त्या ४० वासांच्या मूळ चाचणीत आहे काय ते तरी बघा. रूट बिअर, जिंजरब्रेड, डिल घातलेली काकडी, लिकरिस! सदाशिव पेठेतल्या आजीने रूट बिअर ओळखली नाही म्हणून तिच्या मेंदूवर संशय घ्यायचा? विंटरग्रीन नावाचा एक वास त्यात आहे, तो आपल्याला पर्यायांत त्या नावाने दिसला तर कुणीच ओळखणार नाही. पण "आयोडेक्स" लिहा, अख्खी सोसायटी पास होईल :-) हा फक्त विनोद नाही. वास ओळखणं म्हणजे निम्मं नाक आणि निम्मी संस्कृती. म्हणूनच दिल्लीतल्या संशोधकांनी भारतीय वासांची वेगळी चाचणी वापरून पार्किन्सनच्या रुग्णांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. असं काम अजून व्हायला हवं.

आता मुख्य मुद्दा. भविष्य बाजूला ठेवा. ज्याला वास येत नाही त्याचं आज, या आठवड्यात काय होतं?

पहिलं म्हणजे गॅस. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एथिल मरकॅप्टन नावाचं घाण वासाचं रसायन मिसळतात. पाइपच्या गॅसमध्येही असाच वास घातलेला असतो. म्हणजे आपल्या स्वयंपाकघराची सगळी सुरक्षा एका गृहीतकावर उभी आहे: घरात एक तरी चालू नाक आहे. तुम्ही बंगलोरला, बहीण अमेरिकेत, आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पंचाहत्तरीचे दोघं. हे गृहीतक शेवटचं कधी तपासलं होतं?

दुसरं, खाणं. विटलेली भाजी, खवट तेल, कालची आमटी. हे आपल्याला तोंडात घालायच्या आधी कळतं, त्यांना कळत नाही. शिवाय चव लागेना म्हणून वरून मीठ घेतलं जातं, चहात साखर वाढते, आणि मग बीपी आणि शुगर का वाढली म्हणून आपण त्यांनाच ओरडतो. काहींचं उलट होतं. जेवणातला रस संपतो, वजन उतरायला लागतं.

तिसरं, ज्यावर घरात कुणी बोलत नाही. अंगाचा, कपड्यांचा, लघवीचा वास त्या माणसाला स्वतःला येत नाही. "बाबा, जरा अंघोळ करत जा रोज," असं वैतागून म्हणणाऱ्या मुलाला वाटतं की बाबा आळशी झालेत. बाबांना कळत नाही की हा सारखा का चिडतो. दोघंही आपापल्या जागी खरे.

या तिन्हींवरचे उपाय साधे आहेत, आणि त्यांना कसलंही निदान लागत नाही. गॅस-गळतीचा अलार्म विकत मिळतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो अलार्म जमिनीजवळ लावायचा. पाइपचा गॅस हलका, म्हणून तो छताजवळ. फ्रिजमधल्या डब्यांवर तारखा लिहायच्या. मिठाऐवजी लिंबू, मिरची, आलं यांनी आणि कुरकुरीतपणाने जेवणात जान आणायची, कारण आंबट, तिखट आणि दाताखालचा आवाज नाकावर अवलंबून नाही. आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे एक चक्कर मारायची, कारण सायनस किंवा मोड असतील तर त्यावर इलाज आहे. वासाचा व्यायाम म्हणूनही एक प्रकार असतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये त्याचे निकाल दिले. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, रोज दोनदा, बारा आठवडे. त्याने आजार थांबत नाही, पण काही जणांचं नाक थोडं सुधारतं. चारही वास आपल्या घरात सहज मिळतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो. "अरे, उगाच कशाला विचारायचं? घाबरतील बिचारे." घाबरतील, जर आपण घाबरवलं तर. "बाबा, पार्किन्सन आहे का ते बघूया, हे हुंगा" असं म्हटलं तर मीसुद्धा घाबरेन. पण "आई, फोडणी करपायला लागली की बाहेरच्या खोलीत कळतं का गं?" यात घाबरण्यासारखं काय आहे? आंबे पिकलेत हे अढीजवळ गेल्यावर वासावरून कळतं का, उदबत्ती लावलेली न बघता समजते का, दूध उतू जाऊन जळल्याचं कोण आधी ओळखतं. गप्पांच्या ओघात विचारायचे प्रश्न आहेत हे. बरेच जण काकांसारखं "येतो की" म्हणतील, म्हणून एका उत्तरावर थांबायचं नाही, घरातल्या दुसऱ्या माणसालाही विचारायचं. वासाबरोबर बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं किंवा ओरडणं, चालण्यातला मंदपणा असं काही असेल, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टला भेटायचं आणि या सगळ्या गोष्टी एकत्र सांगायच्या. एकट्या नाकावरून निष्कर्ष काढायचा नाही, ना आपण, ना अ‍ॅपने.

आणि कंपन्यांच्या हेल्थ चेकअपवाल्यांना माझी एक विनंती आहे. आई-वडिलांचं पॅकेज म्हणून तुम्ही जे विकता, त्याच्या फॉर्मवर "चष्मा आहे का? ऐकू येतं का?" याच्या खाली एक ओळ वाढवा. वास येतो का, आणि कधीपासून कमी झाला? त्याला ना मशीन लागतं, ना सुई, ना एक रुपया. ही ओळ दरवर्षी भरली गेली, तर उद्या एखाद्या डॉक्टरला "हे कधी सुरू झालं?" या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने द्यावं लागणार नाही. आपण सर्व्हरचे लॉग वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतो, माणसांसाठी एक ओळ जड नाही.

तोपर्यंत रविवारच्या फोनवर हवापाण्याच्या गप्पांत एक प्रश्न वाढवा. पुढच्या वेळी घरी जाताना मिठाईच्या खोक्याबरोबर गॅसचा अलार्म घेऊन जा आणि स्वतः भिंतीवर लावून या. आणि जेवताना कुणी म्हणालं की आमटीला चव नाही, तर जिने आमटी केली तिला काही बोलायच्या आधी, जो बोलला त्याच्या नाकाची चौकशी करा.

असो. बाकी पुढच्या वीकएंडला.